तलवारीवरचा गळ

पांढुर्ण्याला एका मोठ्या घरात दर दसऱ्याला जी तलवार पूजेला मांडतात, ती त्या घराची नाही. ती राजेशाहीच्या काळातली नाही आणि कोणा पूर्वजाने लढाईत मिळवलेलीही नाही. ती नौदलातल्या एका अधिकाऱ्याची आहे. तो सौंसरचा होता, आणि शाळेत माझ्या हाताखाली शिकला. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण ती तलवार त्या घरी मीच नेऊन दिली.

एवढं सांगायला मला वीस वर्षांच्या वर लागली. सांगितलं, तेव्हा त्याचा काही उपयोग झाला नाही. आता लिहून ठेवतो आहे. त्याचाही होईल असं वाटत नाही.

त्या मुलाचे वडील संत्र्याच्या बगीच्यांत मजुरी करत. झाडांना आळी करणं, खोडांना चुना लावणं, हंगामात पेट्या भरणं, आणि उन्हाळ्यात विहिरीत उतरून गाळ काढणं. गाळ काढायला तालुक्यात त्यांनाच आधी बोलावणं यायचं. आमच्या घरामागे नाला होता आणि नाल्यापलीकडे बौद्ध वस्ती, तिथे त्यांचं घर. वयाने ते माझ्याहून मोठे होते. मी त्यांना भाऊ म्हणत असे आणि ते मला गुरुजी.

त्यांचा मुलगा नौदलात अधिकारी झाला तेव्हा वस्तीत फारसं कोणाला कळलं नाही की म्हणजे नेमकं काय झालं. आमच्या भागातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. पुढे एका मालवाहू जहाजाला आग लागली. हा धुरात खाली उतरला आणि इंजिनाच्या खोलीत अडकलेल्या माणसांना एकेक करून वर घेऊन आला. त्या शौर्याबद्दल त्याला मानाची तलवार मिळाली. सुट्टीवर आला तेव्हा ती घेऊन आला आणि बापाच्या मांडीवर ठेवली.

मला बोलावणं आलं. भाऊ खाटेवर बसले होते, तलवार तशीच मांडीवर, जणू कोणी झोपलेलं मूल देऊन गेलंय. काळ्या चामड्याचं म्यान, त्यावर सोनेरी कड्या. पांढरी मूठ, मुठीच्या टोकाला सिंहाचं तोंड, सोनेरी गोंडा. मुठीवरच्या कवचात एक जहाजाचा नांगर उठवलेला होता. भाऊंनी त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, हा तर विहिरीतली बादली काढायचा गळ आहे. मग मुलाकडे पाहून विचारलं, "समुद्रातबी बादल्या पडतेत का रे?"

सगळे हसले. मुलगाही हसला. त्याने समजावून सांगितलं की हा नांगर, याने जहाज जागेवर धरून ठेवतात. भाऊंनी मान हलवली, पण पुढे कायम गळच म्हणत राहिले. शेजारची एक म्हातारी म्हणाली, एवढी तलवार मिळाली, पण हिने वांगं तरी चिरतं का? मुलगा म्हणाला, नाही, हिला धार नसतेच. ही मानाची आहे, कापायची नाही. हे वाक्य मी त्या दिवशी ऐकलं होतं. ते लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

मग त्याने पातं बाहेर काढलं. पात्यावर निळसर रंगात वेली कोरल्या होत्या, एक जहाज होतं, आणि सोन्याच्या पाण्याने भरलेली अक्षरं होती. भाऊंना वाचता येत नव्हतं. मला वाचायला सांगितलं. मी वाचलं: मुलाचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव, आणि खाली कशासाठी दिली ते. भाऊंनी मला थांबवलं. मधलं नाव पुन्हा वाचायला लावलं. आपल्याकडे बापाचं नाव मध्ये असतंच, शाळेच्या हजेरीतही असतं, त्यात विशेष काही नाही. पण त्यांनी विचारलं, "माहं नाव? सोन्यात?"

मी त्यांचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. त्यानंतर कोणीही तलवार पाहायला आलं की ते बरोबर त्याच जागी बोट ठेवत.

दसऱ्याला ते सगळं कुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर जाई. वस्तीतली बहुतेक घरं त्या दोन-तीन दिवसांत बंद असत. मुलगा तेव्हा जहाजावर होता. निघायच्या आदल्या दिवशी भाऊ तलवार गोणपाटात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. घराच्या दाराला कडी होती, पण ती ओढली तर निघेल अशी. तुमच्याकडे राहू द्या, म्हणाले. मी कपाटात ठेवली.

ठेवली आणि गप्प बसलो असतो तर लिहायला आज काही नव्हतं. पण मी शाळेतल्या मास्तरांना बोलावून दाखवली. माझा विद्यार्थी, असं म्हणून दाखवली. त्यांच्यापैकी कोणी तरी ते आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं. अध्यक्ष पांढुर्ण्याचे, कापसाचे आणि संत्र्याचे मोठे व्यापारी, सगळे त्यांना सेठजी म्हणत. त्यांचा निरोप आला की दसऱ्याला बाहेरून पाहुणे येणार आहेत, तलवार एक दिवस पूजेला मांडू, मुलाचाच मान वाढेल. मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यावं लागलं नाही. मालकाला न विचारता मी चादरीत तलवार गुंडाळली आणि पांढुर्ण्याची बस धरली.

त्या घरात एक रीत आहे. दसऱ्याला जे जे पूजेला मांडायचं, विळे, कोयते, संत्र्याच्या कात्र्या, त्या सगळ्याला आधी धार लावून आणतात. बिनधारेचं हत्यार देवापुढे ठेवलं तर वर्षभर घराची धार जाते, असं तिथे मानतात. सेठजींच्या आत्याने तलवारीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. बाजारात लिंबाखाली धार लावणारा शिकलगार बसला होता. गडी टोपलीत विळे-कोयते भरून निघाला होता, तिने तलवारही त्याच्या हातात दिली.

मी पाहत होतो. 'हिला धार नसतेच' हे वाक्य माझ्या तोंडात आलेलं होतं. पण सेठजींनी मला पाहुण्यांच्या शेजारी गादीवर बसवलं होतं, हा आमच्या शाळेचा हुशार मास्तर म्हणून ओळख करून दिली होती, आणि बाईमाणसाला अडवून बोलणं मला बरं दिसेना. गडी फाटकाबाहेर गेला. मी चहा प्यायलो.

तलवार परत आली ती आरशासारखी. शिकलगाराने मन लावून काम केलं होतं. निळसर डाग त्याला गंज वाटला असणार. त्याने धार तर लावलीच, वर सगळं पातं दोन्ही बाजूंनी घासून लख्ख केलं. वेली गेल्या, जहाज गेलं, अक्षरं गेली. ती फार खोल नव्हतीच, केसाएवढी असतील. शिकलगाराचा यात दोष नाही. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

सेठजींनी पात्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नागपूरला नेऊन पुन्हा लिहून आणू, म्हणाले, इथेच राहू द्या. त्यांनी तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, जुनी दिसते, घराण्यातली का? सेठजी हसले आणि हो-नाही काहीच बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

भाऊ नागपूरहून आले ते माझ्यासाठी पुस्तक घेऊन. दरवर्षी आणत. स्वतःला वाचता येत नसल्याने दुकानदाराला विचारत, मास्तरला द्यायचं आहे, चांगलं कोणतं ते द्या. मी पुस्तक घेतलं आणि सांगितलं की तलवारीला गंज धरत होता, नागपूरला साफ करायला पाठवली आहे. "बरं केलं गुरुजी," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर उपकाराची जाणीव होती. मी काही महिने त्यांच्या घरावरून जायचं टाळलं. बाजाराला जाताना लांबून, नाल्याच्या वरच्या पुलावरून जात असे.

पुढच्या पावसाळ्यात तो मुलगा गेला. वादळात सापडलेल्या मच्छीमारांना काढायला गेले होते, त्यात. देह मिळाला नाही. सौंसरला जे आलं ते एक पेटी होती, तिच्यात कपडे आणि टोपी. पुण्यानुमोदनाच्या दिवशी फोटोशेजारी तलवार ठेवायची असं भाऊंनी ठरवलं आणि माझ्याकडे आले. मातीला द्यायला काही नाही, म्हणाले, निदान नाव तरी समोर राहील.

मी पांढुर्ण्याला गेलो. तलवार बैठकीत भिंतीवर लटकत होती. सेठजी म्हणाले, आता सगळ्यांनी पाहिली आहे, आजोबांची म्हणून लोक पाया पडतात, उतरवली तर काय सांगू? आणि गुरुजी, तिच्यावर आता आहे तरी काय? नेऊन दाखवणार काय बापाला? ते खोटं बोलत नव्हते. नेली असती तर भाऊंनी नेहमीच्या जागी बोट ठेवलं असतं. मला ते बोट दिसलं आणि मी रिकाम्या हाताने परत आलो.

नागपूरच्या कारागिराने दुकान बंद केलं, पत्ता लागत नाही, तलवार गेली. असं मी त्यांना सांगितलं. ते मलाच म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी, लोखंडच होतं. पोरगा गेला, आता त्याच्यापुढं काय." आणि आत आवाज देऊन माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

त्याच वर्षी मी मुख्याध्यापक झालो. त्या गोष्टीचा आणि तलवारीचा संबंध नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत असे.

इथपर्यंतचं सगळं भित्रेपणा म्हणून खपलं असतं. पुढचं खपत नाही.

त्यानंतरच्या संत्र्याच्या हंगामात भाऊ पेट्या भरायला सेठजींच्या वखारीत गेले. कशाला तरी बैठकीच्या दारापर्यंत जावं लागलं असेल. त्या संध्याकाळी पांढुर्ण्याच्या बसमधून उतरून ते सरळ माझ्याकडे आले. चपला बाहेर काढून ओसरीत खाली बसले. खुर्चीवर ते कधी बसत नसत, आणि मीही कधी आग्रह केला नव्हता.

"गुरुजी, सेठच्या बैठकीत तलवार लटकून राहिली."

असेल, मी म्हणालो, मोठ्या घरांत असतात.

"आपल्या पोराची वाटते."

"नाव होतं का तिच्यावर?" हे मी विचारलं. मला माहीत असताना विचारलं.

"पातं म्यानात होतं. पण मुठीवर गळ हाय."

मी हातातली वही मिटून बाजूला ठेवली. "तो गळ नाही भाऊ. त्रिशूळ आहे. त्यांच्या घराण्याची जुनी तलवार आहे ती."

ते विचारात पडले. "मंग उलटा काऊन हाय त्रिशूळ?"

"तलवार टांगली की उलटाच दिसतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, संशयही नव्हता. शिकवताना मुलं फळ्याकडे पाहतात तसं पाहिलं. "तुम्ही म्हणता म्हणजे त्रिशूळच असन," ते म्हणाले आणि उठले. त्यांच्या मुलाला मुळाक्षरं मी शिकवली होती, त्यांचं स्वतःचं नाव त्यांना मी दाखवलं होतं. माझ्या शब्दावर त्यांनी दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही. दोन-तीन वर्षांनी ते वारले.

शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हाचा कार्यक्रम सेठजींच्या अंगणात झाला. मंचावर तलवार मांडली होती. मला बोलायला उभं केलं आणि मी त्या तलवारीचा इतिहास सांगितला. लढाई, घोडा, राजाने दिलेला मान. आधी काही ठरवलेलं नव्हतं. बोलता बोलता सुचत गेलं आणि टाळ्या पडत गेल्या. आज पांढुर्ण्यात त्या तलवारीची जी गोष्ट सांगतात, ती बरीचशी माझी आहे.

सेठजी गेले. पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा झाल्यावर लोकांना आपल्या गावाचा इतिहास हवासा झाला आणि त्या तलवारीचे फोटो मोबाइलवर फिरू लागले. गेल्या दसऱ्यानंतर एक बाई माझ्याकडे आली. भाऊंची मुलगी, त्या अधिकाऱ्याची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त होऊन रामाकोन्याला राहते. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि बोटांनी फोटो मोठा केला.

"गुरुजी, हा पाहा. बाबाचा गळ."

मी चष्मा शोधायला वेळ लावला.

तिचा कोणावर आरोप नव्हता. तिने सगळं जुळवलं होतं: नागपूरच्या कारागिराने तलवार विकली असेल, फिरत फिरत सेठजींकडे आली असेल, त्यांना तरी काय माहीत. तिला तलवार परत नको होती. घरात ठेवायला जागा नाही, म्हणाली. फक्त त्या घरच्यांनी तिच्याखालच्या पाटीवर भावाचं नाव लिहावं. "माझ्या मागं त्याचं नाव घेणारं कोणी नाई. तुम्ही वाचून दाखवलं होतं, तुम्हाले माहीत हाय. माझ्यासंग चला, एवढंच सांगा."

मी गेलो. वाटलं, आता सत्तरी कधीच मागे पडली, बायको गेली, मुलं बाहेर आहेत, आता माझ्याकडून काढून घेण्यासारखं कोणाकडे काय आहे. धैर्य नव्हतं ते. भिण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच.

सेठजींच्या मुलाने आम्हाला बैठकीत बसवलं, पाणी दिलं. हाही माझाच विद्यार्थी. मी त्याला सांगितलं की ही तुमची नाही, मीच आणून दिली होती, आणि धार लावताना नावं कशी गेली. बाई माझ्याकडे वळून पाहत होती ते मला जाणवत होतं, पण मी थांबलो नाही. नागपूरचा कारागीर मी बनवला होता, हेही सांगितलं. भाऊ ओसरीत येऊन बसले होते, ते मात्र सांगितलं नाही.

त्याने शांतपणे ऐकलं. तलवार उतरवली, म्यानातून काढून माझ्या हातात दिली. "दाखवा गुरुजी, कुठं होतं?"

मी पात्यावर बोट ठेवलं. भाऊ ठेवत त्याच जागी. तिथे माझा स्वतःचा चेहरा दिसत होता.

"शाळेच्या कार्यक्रमात तुम्हीच सांगितलं होतं ना, राजानं दिली म्हणून. मी समोरच बसलो होतो. तेव्हा खोटं बोलून राहिले होते, का आता?"

"तेव्हा."

"मग तुमच्या कोणत्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा?"

त्याने हे अपमान करायला विचारलं नाही. त्याला खरंच उत्तर हवं होतं. तो म्हणाला, वडील गेले तेव्हा मी या तलवारीला शिवून घराण्याची म्हणून जपायचा शब्द दिला आहे, आता कोणाच्याही सांगण्यावरून पाटी बदलता येणार नाही. बाईने मुठीवरच्या नांगरावर एकदा अंगठा फिरवला. त्याने तेवढं करू दिलं, मग तलवार म्यानात घातली. निघताना तो माझ्या पाया पडला.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. दुसरी जागा नव्हती. ती खिडकीशी होती. बाहेर बगीचे होते, काही झाडांच्या खोडांना ताजा चुना लावलेला.

मग तिने विचारलं, "बाबा तं त्यायच्या वखारीत जात होते. त्यायनं कधी पाह्यली नसन का?"

मला नाही म्हणता आलं असतं. तिने मान्य केलं असतं.

"पाहिली होती. मुलगा गेल्यानंतरच्या हंगामात. मला येऊन विचारलं होतं."

"मंग?"

"मी म्हणालो, तो गळ नाही. त्रिशूळ आहे."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग बोलली ती माझ्याशी नव्हे, स्वतःशी बोलल्यासारखी. त्या वर्षी बाबा मागे लागले होते की मला डोळे दाखवायला ने, म्हणाली. म्हणत, मला आता दिसत नाही, एकाचं दुसरं दिसतं. तिनेच शिबिरात नेलं होतं. डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, या वयात इतके चांगले डोळे पाहिले नाहीत. बाबांना ते पटलं नाही. त्यानंतर त्यांनी विहिरीत उतरायचं सोडलं. भरवसा नाही म्हणाले डोळ्यांचा. लोक बोलवायला यायचे आणि ते दारातूनच परत पाठवायचे.

मी काही तरी म्हणालो असेन. काय ते आठवत नाही. बस गावात शिरली, नाल्याचा पूल गेला, स्टँडवर थांबली. मी बसूनच होतो. रामाकोन्याला जाणारे लोक वर चढू लागले, एक जण माझ्या जागेकडे पाहत उभा राहिला.

"उतरा गुरुजी," ती खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "सौंसर आलं."